पाणी, वीज आणि करार : एका कायदेपंडित प्राध्यापकाचा वारसा

संपादकीय





बॉथेल येथील वार्षिक मेळाव्याच्या निमित्ताने ही स्मरणिका आपल्या हाती देताना संपादक मंडळास मनःपूर्वक समाधान वाटते. घटनेचे शिल्पकार, महाडच्या मुक्तिसंग्रामाचे सेनानी, धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे बोधिसत्त्व ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची रूपे आपल्या नित्य स्मरणात असतात. परंतु त्यांच्या जीवनाचा एक पैलू आपल्या सभासंमेलनांतून क्वचितच प्रकाशात येतो. बाबासाहेब अनेक वर्षे कायद्याचे प्राध्यापक होते. वर्गात शिकविलेला करारविषयक कायदा, तळ्याच्या काठावर आणि न्यायालयात लढविलेला पाण्याचा कायदा व मंत्रिपदावरून घडविलेला विजेचा कायदा हे त्यांच्या कार्याचे तीन स्वतंत्र कप्पे नव्हते. त्या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : ज्याच्या हाती काहीच नाही, त्याची संमती खरोखर मुक्त असते काय? ह्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम त्यांच्या अध्यापकीय जीवनाचा क्रम पाहू. 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1922 साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि 1923 पासून त्यांनी मुंबईत वकिली आरंभिली. वकिलीच्या प्रारंभीच्या त्या काळात अस्पृश्य बॅरिस्टराकडे खटले घेऊन येणार कोण? म्हणून 1925 ते 1928 ह्या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते अर्धवेळ अध्यापक म्हणून व्यापारी कायदा शिकवीत. पुढे 1928 साली गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि 1935 साली त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. तेथील न्यायशास्त्राचे पेरी अध्यासनही त्यांनी भूषविले. 1938 साली ते त्या पदावरून मुक्त झाले.

ह्या सनावळीतील एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. व्यापारी कायद्याचा पाया म्हणजे करार. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील मुक्त संमतीचे कलम विद्यार्थ्यांना समजावून देणारा हाच अध्यापक 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला आणि त्याने ओंजळभर पाणी प्राशन केले. करार कायदा म्हणतो की जबरदस्ती, अनुचित दबाव, फसवणूक, चुकीचे निवेदन वा गैरसमज ह्यांपासून संमती अलिप्त असली पाहिजे. परंतु तहान ही जबरदस्ती मानावी असे कोणत्याही कलमात म्हटलेले नाही. भुकेलाही त्या व्याख्येत स्थान नाही. कोणी सुरा रोखून सही घेतली तर करार रद्द होऊ शकतो; मात्र उपाशी लेकरांकडे पाहून कोणी सही केली, तर ती कायद्याच्या दृष्टीने मुक्त संमतीच ठरते. पुस्तकातील कायदा आणि गावकुसाबाहेरील जीवन ह्यांमधील ही दरी बाबासाहेबांइतक्या जवळून कोणत्या प्राध्यापकाने पाहिली असेल?

कोकणातील खोतीचे उदाहरण घ्या. कूल आणि खोत ह्यांच्यात कबुलायत होत असे. कागदावर ती दोन पक्षांची राजीखुशी होती. प्रत्यक्षात एका पक्षाकडे जमीन, धान्य, सावकारी आणि गावातील वजन होते. दुसऱ्याकडे दोन हात. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा ते करारस्वातंत्र्याचे शत्रू म्हणून उभे नव्हते. ज्या करारात एका पक्षाला नकार देण्याची मुभाच नाही, त्याला करार हे नाव शोभत नाही, एवढाच त्यांच्या भूमिकेचा आशय होता.

पुढील वर्षी, 1938 साली, औद्योगिक कलहाचे विधेयक मुंबई विधिमंडळापुढे आले. त्यातील तरतुदींमुळे काही परिस्थितीत संप हा दंडनीय अपराध ठरणार होता. त्या चर्चेतील बाबासाहेबांचे भाषण करार कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. कामगार संप करतो तेव्हा फार तर तो सेवेच्या कराराचा भंग करतो. करारभंग हा दिवाणी स्वरूपाचा दोष आहे. त्याची भरपाई मागता येईल. परंतु त्यासाठी माणसाला तुरुंगात धाडणे म्हणजे त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे होय, आणि त्याचेच दुसरे नाव गुलामगिरी. त्याच वर्षी 7 नोव्हेंबर रोजी ह्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात अग्रभागी होता. वर्गातील सिद्धान्त आणि रस्त्यावरील लढा ह्यांची अशी गाठ क्वचितच पडते.

आता पाण्याच्या कायद्याकडे वळू. 1923 साली रावबहादूर सी. के. बोले ह्यांच्या ठरावाने मुंबई कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. 1927 च्या सत्याग्रहाचा इतिहास आपण जाणतोच. परंतु त्यानंतर दहा वर्षे चाललेल्या खटल्याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. डिसेंबर 1927 मध्ये सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावून सत्याग्रहास तात्पुरती मनाई मिळविली. बाबासाहेब त्या दाव्यातील प्रमुख प्रतिवादी होते. त्यांनी न्यायालयाचा मनाईहुकूम पाळला, परिषद भरविली, मनुस्मृतीचे दहन केले आणि पाण्याची लढाई न्यायालयात नेली.

वादींचे म्हणणे असे की अनादिकालापासून चालत आलेल्या रूढीनुसार हे तळे स्पृश्यांपुरतेच आहे. प्रतिवादींचे म्हणणे असे की तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक आहे. खालच्या न्यायालयांत वादी हरले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड ह्यांच्या निकालाचा गाभा असा, की सांगितलेली रूढी अनादिकालापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. आपण ह्या विजयाचा गौरव करतो, आणि तो रास्तच आहे. परंतु कायद्याच्या नजरेने पाहिले तर त्याचा पाया अरुंद होता. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे तो निकाल म्हणत नव्हता. ह्या तळ्यापुरती रूढी शाबीत झाली नाही, एवढेच तो म्हणत होता. उद्या अन्य एखाद्या तळ्यावर कोणी अधिक जुना पुरावा आणला असता तर?

ह्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात आहे. राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते ह्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर बंधन घालता येणार नाही, असे ते कलम सांगते. जगातील किती राज्यघटनांच्या मूलभूत हक्कांत विहीर आणि तलाव हे शब्द आढळतील? त्या शब्दांमागे महाडचे तळे उभे आहे. पाणी पुराव्यावर वा मेहेरबानीवर अवलंबून राहू नये, ते हक्काचे व्हावे, हा त्या कलमाचा अर्थ होय.

1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 1946 पर्यंत त्या पदावर होते. मजूर खात्याबरोबर पाटबंधारे, वीज, खाणी व सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्यांच्याकडे होते, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुरेशी सांगितली जात नाही. ऑक्टोबर 1943 मध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी आपली विचारशृंखला मांडली. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योगधंद्यांची वाढ नाही, आणि उद्योगधंद्यांच्या वाढीशिवाय केवळ शेतीवर पोसल्या जाणाऱ्या कोट्यवधींची दारिद्र्यातून सुटका नाही. विजेचा दर हा त्यांच्या लेखी माणसाच्या मुक्ततेचा एक भाग होता. 1944 साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ आणि 1945 साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग अस्तित्वात आले. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तेथे आहे.

दामोदर खोऱ्याची योजना ही ह्या धोरणाची कसोटी होती. 1943 च्या महापुराने बंगाल हादरला होता. धरणांच्या जागा बिहारात, पुराचा फटका बंगालला आणि तज्ज्ञ व निधी केंद्राकडे, अशी ती अडचण. 1935 च्या कायद्याने पाणी हा प्रांतांचा विषय असल्याने केंद्राला हुकूम सोडता येत नव्हता. तिघांची संमती घडवून आणणे भाग होते. 1945 सालच्या कलकत्त्याच्या परिषदांतून बाबासाहेबांनी पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक ह्यांचा एकत्रित विचार पुढे रेटला. त्यासाठी अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा आदर्श समोर ठेवला गेला आणि तेथील अभियंते वूर्डुइन ह्यांचे साहाय्य घेण्यात आले. 1948 साली काकासाहेब गाडगीळ मंत्री असताना दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. खर्चाच्या वाटणीची सूत्रे त्या कायद्यातच लिहिलेली आहेत : विजेचा भांडवली खर्च तिन्ही सरकारांत समान, सिंचनाचा पाण्यातील वाट्यानुसार. पाणी, वीज आणि करार हे तीन प्रवाह येथे एकाच कायद्यात येऊन मिळाले.

ह्याच अनुभवाची छाप पुढे राज्यघटनेवर पडली. पाणी राज्यसूचीत राहिले, परंतु आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास हा विषय केंद्रसूचीत आला आणि वीज समवर्ती सूचीत. सप्टेंबर 1949 मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत नवे कलम मांडले, तेच आजचे कलम 262. नदीतंट्यांचे स्वरूप आधीच ठरवून टाकता येणार नाही, म्हणून त्यांच्या निवाड्याची यंत्रणा संसदेने कायद्याने उभारावी, असा त्याचा आशय. त्यातून 1956 चा आंतरराज्य जलविवाद कायदा झाला. कृष्णा, गोदावरी, नर्मदा ह्यांचे लवाद त्याच कायद्याखाली बसले. त्याच वर्षी नदी मंडळांचाही कायदा झाला. नद्यांचा एकत्रित विकास हा त्याचा हेतू. त्या कायद्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. तंटा मिटविण्याचे साधन आपण वापरले. तंटा होऊ नये म्हणून दिलेले साधन मात्र गंजत पडले.

वाचकहो, येथे थांबून एक कटू सत्य सांगितले पाहिजे. लवादांनी राज्याराज्यांत पाणी वाटले, पण भूमिहीनाच्या वाट्याला त्यातील किती आले? पाटाचे पाणी जमिनीला मिळते; ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. दामोदरच्या तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ह्या धरणांखाली ज्यांची गावे गेली, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. वाटणीच्या करारावर तीन सरकारांची नावे होती. विस्थापितांचे नाव नव्हते. महाराष्ट्रातील धरणग्रस्तांची कहाणी ह्याहून वेगळी नाही. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी धरणांचे श्रेय सांगताना हा राहिलेला हिशेबही मांडला पाहिजे.

ह्या दिशेने महाराष्ट्रात एक प्रयोग झाला, त्याची नोंद येथे अगत्याची आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारमानावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनांचा हक्क मान्य झाला आणि उसाला पाणी द्यावयाचे नाही असा दंडक घातला गेला. पाणी माणसाचे आहे, जमिनीचे नव्हे, हा विचार एका गावाच्या आपसांतील करारात उतरला. जमिनीच्या मालकीला चिकटलेला आपला जलकायदा मात्र अजून त्या गावाइतका पुढे गेलेला नाही.

विजेच्या कराराचा धडाही महाराष्ट्रानेच महागात घेतला. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, त्याच जिल्ह्यात गुहागरजवळ दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने स्पर्धात्मक निविदा न मागविता 1993 साली राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. वीज उचला वा न उचला, स्थिर आकार द्यावयाचा, आणि देण्यांचा मोठा भाग डॉलरशी निगडित, अशा त्याच्या अटी. 1995 साली राज्य सरकारने तो रद्द केला, 1996 साली नव्या वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला आणि 2001 साली ही वीज परवडत नाही म्हणून मंडळाने खरेदी थांबविली. त्या करारातील कलमे वाचू शकणारे आणि त्यांवर जाहीरपणे बोलणारे किती वकील गुहागरच्या मच्छीमारांच्या वा शेतमजुरांच्या बाजूने उभे होते?

न्यायालयांनी मात्र बाबासाहेबांच्या मूळ प्रश्नाला काही अंशी उत्तर दिले आहे. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली ठरविले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर, मग ती कामगाराने स्वीकारलेली का असेना, काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारी आहे. भूक हीदेखील जबरदस्ती असू शकते, हे त्या निकालाने मान्य केले. 1986 साली ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात त्याच न्यायालयाने असमान बळाच्या पक्षांमधील जुलमी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून शून्य ठरविली. 1872 च्या कायद्यात जे लिहिलेले नव्हते, ते घटनेच्या प्रकाशात वाचले गेले.

आता आपण राहतो त्या भूमीकडे पाहू. बॉथेलमधून सॅमामिश नदी वाहते आणि तिच्या पात्रातून सॅमन मासे आजही वर चढतात. येथून फारसे दूर नसलेल्या मुकिलटिओ येथे 22 जानेवारी 1855 रोजी पॉइंट इलियटचा तह झाला. मूळ रहिवासी जमातींनी विस्तीर्ण भूमी दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तहाच्या अटी त्यांना चिनूक जार्गन ह्या मोजक्या शब्दांच्या व्यापारी बोलीतून समजावून सांगण्यात आल्या. पुढे शतकभर तो हक्क पायदळी तुडविला गेला. 1974 साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट ह्यांनी निकाल दिला की तहाचे शब्द जमातींना त्या वेळी जसे समजले असतील तसे वाचले पाहिजेत, आणि पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा जमातींचा आहे. 1979 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल मुख्यत्वे कायम केला. लेखणी ज्याच्या हाती होती त्याच्या सोयीने करार वाचावयाचा नसतो, हे तत्त्व येथे नदीकाठी प्रस्थापित झाले. महाडच्या प्रतिवादींना ते परके वाटले नसते.

आपल्या घरातील दिव्यांचीही कथा अशीच आहे. बॉथेल दोन काउंट्यांत विभागलेले आहे. उत्तरेकडील स्नोहोमिश काउंटीत वीज देणारी संस्था सार्वजनिक मालकीची असून तिचे तीन आयुक्त मतदार निवडून देतात. 1930 साली ह्या राज्यातील मतदारांनीच तशा संस्थांचा कायदा मंजूर केला. दक्षिणेकडील किंग काउंटीत वीज खासगी कंपनी देते. ह्या प्रदेशातील विजेचा मोठा भाग कोलंबिया नदीवरील धरणांतून येतो. त्यांपैकी ग्रँड कूली धरणाने कोलव्हिल जमातींची मासेमारी बुडविली. त्याच्या भरपाईचा कायदा होण्यास 1994 साल उजाडले. त्याच कोलंबियाच्या विजेवर क्विन्सी येथील अवाढव्य संगणक केंद्रे चालतात, आणि त्या संगणकांवर आपल्यापैकी अनेकांची उपजीविका चालते. म्हणजे पाणी, वीज आणि करार ह्यांपासून आपण दूर नाही; आपण त्यांच्या मधोमध बसलो आहोत.

करारातील विषमतेचा अनुभवही आपल्याला नवा नाही. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या तरुणाची नोकरी गेली तर नवा मालक वा अन्य मार्ग शोधण्यास त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. अशा तरुणाने वेतन, बढती वा वागणुकीबद्दल दिलेली संमती कितपत मुक्त असते? त्यात त्याचे आडनाव त्याची जात सांगत असेल तर? 21 फेब्रुवारी 2023 रोजी सिॲटल नगर परिषदेने जातिभेदास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. ही घटना अभिमानास्पद आहे. परंतु तो कायदा त्या शहराच्या हद्दीपुरता आहे, आणि बॉथेल त्या हद्दीबाहेर आहे.

समाजबांधवहो आणि भगिनींनो, आपल्या पिढीने अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र जवळ केले. त्याने आपल्या घरांना स्थैर्य दिले. परंतु यंत्र चालविणारा आणि यंत्राच्या अटी लिहिणारा ह्यांत फरक असतो. बाबासाहेब अर्थशास्त्राच्या पदव्यांवर थांबले नाहीत. अटी कोठे लिहिल्या जातात हे त्यांनी ओळखले आणि ते कायद्याकडे वळले. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी कायद्याची वाट धरावी आणि त्यातही पाणी, वीज व करार ह्या रूक्ष वाटणाऱ्या शाखा निवडाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. येत्या काळातील अन्याय ठरावाच्या आणि घोषणेच्या भाषेत कमी, आणि चाळीस पानी कराराच्या तळटिपेत अधिक लिहिला जाणार आहे. तो वाचणारे डोळे आपल्या समाजात हवेत.

तोवर प्रत्येकास करता येण्याजोगे काही आहे. सार्वजनिक वीज संस्थेच्या बैठका खुल्या असतात. तेथे नागरिकत्व नसलेल्या रहिवाशासही जाऊन बसता आणि बोलता येते. आपल्या घरच्या पाण्याचा आणि विजेचा दर कोण ठरवितो, हे घरातील मुलांना समजावून सांगता येते. आणि महाराष्ट्रात कायदा शिकणाऱ्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या ग्रंथांचा व शुल्काचा भार दोन-तीन कुटुंबांना मिळून सहज उचलता येतो. चवदार तळ्याचे पाणी त्या पिढीने हक्काने मिळविले. त्या हक्काची कागदपत्रे सांभाळणे आणि पुढची लिहिणे हे आपल्याकडे आले आहे.

 वाचकांनी ह्या विषयावर आपले विचार अवश्य कळवावेत.

जयभीम! जय भारत!

— संपादक मंडळ, बॉथेल